तुतीच्या अकरा काठ्या

(शहापूर, बेळगाव. १९४७ सालचा पितृपंधरवडा, रविवारची दुपार. विणकर सुबरावच्या घराची पडवी. त्याचा मुलगा परशराम, घरचा परसू, कॉलेजात शिकतो. त्याच्या हॉकी टीमचा कॅप्टन रवळू अंगणातून तणतणत वर आला आहे.)

रवळू : एक चेंडू! एकच चेंडू मारला मी, अण्णा! तोही हळू, गल्लीत बायका-पोरं असतात म्हणून. तर मूठ राहिली माझ्या हातात आणि खालचं लाकूड उडून गटारापलीकडं! ही नवी स्टिक? हिनं अजून एक मॅच बघितली नाही!

सुबराव : वरडू नगं रं. शेजारी मागावर मानसं बसल्यात. एक काठी मोडली. अजून धा हायत.

रवळू : दहा आहेत ना? बघू दहा. परश्या, आण बाहेर सगळ्या.

परशराम : रवळू, तू आदी बस तर खरं. पानी घे.

रवळू : पाणी नको. स्टिका आण. आण म्हणतो ना! ... हं. ही बघा अण्णा. ही वेताची मूठ, हे खालचं डोकं. जोडावर जरा पिळली की, बघा, दात हलावा तशी हलते. आता ही. हीपण. ही घ्या तिसरी. चौथी. अहो, सगळ्या! सगळ्याच्या सगळ्या हलतात!

सुबराव : दे हिकडं. ... व्हय. हलतीया.

रवळू : 'हलतीया'! एवढंच? उद्या सकाळी दहाला प्रिन्सिपॉलसाहेबांच्या टेबलावर अकरा स्टिका मांडायच्या आहेत मला. मांडल्या तर ते सही करणार. सही झाली तर आमच्या टीमचं नाव दसऱ्यानंतरच्या मॅचेसना जाणार. उद्या शेवटचा दिवस आहे. नाही मांडल्या तर यंदा कॉलेजची हॉकी बंद. बंद म्हणजे बंद!

सुबराव : असली अट कुनी घालतं व्हय?

रवळू : घालतं. का घालतं तेही ऐका. मागच्या साली धारवाडला गेलतो आम्ही. अकरा जणांत सात स्टिका. चार तिथं पोचल्यावर धारवाडच्या टीमकडनं मागून घेतल्या. हाफटाइमपर्यंत आमच्या तीन मोडल्या, त्याही मागून घेतल्या. त्यांच्या स्टिकांनी खेळून त्यांच्याकडनंच पाच गोल खाल्ले! त्यांची पोरं टाळ्या वाजवत होती, आणि आमचे साहेब पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. येताना आगगाडीत एक शब्द बोलले नाहीत. बेळगावला उतरल्यावर म्हणाले, 'पुढच्या वर्षी अकरा स्टिका माझ्या टेबलावर ठेवा, मग खेळायचं बोला.'

सुबराव : मग दुसऱ्या मागवा की. अजून दसरा यायचाय.

रवळू : कुठनं मागवू? या सियालकोटच्या आहेत, अण्णा! सियालकोट गेलं पाकिस्तानात. तिकडं माणसांनी भरलेल्या गाड्या कापतायत, आणि मी पत्र लिहू, बाबांनो, अकरा स्टिका धाडा? पुण्याच्या दुकानदाराचं कार्ड आलंय. माल बंद. परत कधी येईल ते देवाला ठाऊक. वर्षभर त्या माणसाच्या मागं लागलो होतो मी, तेव्हा कुठं एप्रिलात या आल्या. शेवटच्या!

परशराम : रवळू, सायबांना आठ दिवस मागून घेतले तर?

रवळू : तू गप! नाही, गप नको, तूच बोल. एप्रिलात तुझ्या हातात दिल्या तेव्हा दगडासारख्या घट्ट होत्या. जिमखान्याची खोली गळते म्हणून तुझ्या घरी ठेवल्या. घरात कुठं ठेवल्यास?

परशराम : ते... आप्पांनी ठेवल्या.

सुबराव : म्या ठेवल्या. ह्येच्यावर सोडल्या असत्या तर दारामागं टेकवून मोकळा झाला असता. म्या मागाच्या खड्ड्यात ठेवल्या. पाय सोडून बसतो न्हवं, तितं कडंला. खाली वाळू, वर ओलं पोतं.

रवळू : ओलं पोतं?

सुबराव : ओलं. सकाळ-संध्याकाळ पानी शिंपडलंय वरनं. एक दीस चुकलो न्हाय. नागपंचमीला माग बंद असतोय, त्या दिशीबी खड्ड्यात उतरलो आनि शिंपडलं. परक्याची ठेव हाय म्हनून.

रवळू : पाणी! स्टिकांवर पाणी! अहो, वेताची मूठ खालच्या लाकडात पाचरीसारखी बसवतात आणि सरसानं चिकटवतात. सरस ओला झाला की सुटतो, हे शेंबड्या पोराला कळतं! पाच महिने पाणी घातलंत? रोप लावलं होतं काय, पालवी फुटायला?

सुबराव : तोंड सांभाळ, रवळू. माझ्या पडवीत हुबा हायस तू.

रवळू : पडवीत उभा आहे म्हणून काय झालं! माझी टीम बुडाली!

सुबराव : ऐक आदी. ह्या परसूनंच सांगितलं मला, ह्ये लाकूड तुतीचं हाय म्हनून. तुती म्हंजे रेशमाची आई. किडा तिचा पाला खातोय तवा रेशीम देतोय. आनि रेशीम जरा कोरडं पडलं की ताणा तटातटा तुटतोय. म्हनून आमी खड्डा ओला ठेवतो, भिती ओल्या ठेवतो, उनाळ्यात आडोशाला ओली धडपी लावतो. माझा बा करायचा, त्येचा बा करायचा. मला वाटलं, रेशमाची रीत तीच तुतीची. सुक्यात ठेवली तर तडकंल.

रवळू : कुठल्या शास्त्रात लिहिलंय हे?

सुबराव : माझ्या. तीस वर्सं ह्याच शास्त्रावर घर चाललंय. ह्या गल्लीत कुनाचा ताणा धरंना झाला तर तो माझ्याकडं येतोय, तुझ्या प्रिन्सिपालाकडं जात न्हाय.

रवळू : मग सुताराला तरी विचारायचंत! निदान मला!

सुबराव : तुला? तुझा पाय ह्या घराला लागलाय कवा? एप्रिलात टाकून गेलास ते आज उगवलास. आनि कोरड्या खोलीचंच म्हनशील तर ती हुती की. पल्टनीच्या कँपातल्या मारुतीराव सुभेदारानं देतो म्हटलं हुतं. पक्की कौलारू खोली, आत शेगडी. न्हाय कोन म्हटलं?

रवळू : ती गोष्ट वेगळी आहे.

सुबराव : कशी येगळी? 'गोऱ्याच्या गोदामात आमच्या स्टिका ठेवनार न्हाय.' कुनाचं बोलनं ह्ये? आनि धा पोरांच्या म्होरं त्या मानसाला इचारलंस, 'तुमच्या अंगावर कोट कुनाचा?' इटलीत लढून आलेला मानूस. ज्यानं तुमास्नी काठी धराय शिकवली त्यो. परसू घरी येऊन सांगत हुता. जेवला न्हाय त्या दिशी.

रवळू : परश्या, तू हे घरी सांगितलंस?

परशराम : सांगितलं.

रवळू : तेव्हा गोरे होते इथं! आज विचारणार नाही मी तसं.

सुबराव : आज इचाराय काय ऱ्हायलंय? गोरे गेले. खोली तितंच हाय. कोरडी.

रवळू : बरं! माझी चूक! लिहून देऊ? पण पाणी मी घातलं नाही, अण्णा. पाणी तुम्ही... थांबा. हे काय आहे?

परशराम : काय न्हाई. ठेव ती खाली.

रवळू : का ठेवू? या जोडावरची दोरी बघा. सियालकोटची दोरी जाड होती, डांबर लावलेली. हे बारीक आहे. वर काळं काहीतरी फासलंय. नखानं खरवडलं की खाली... हे रेशीम आहे! हे लुगड्याचं रेशीम आहे!

परशराम : रवळू, सोडू नगंस ते.

रवळू : सोडणार! ... बघा. बघा आत! जोड उघडा पडलाय, त्यात काडी कोंबून घट्ट केलाय आणि वरनं गुंडाळलंय. ही दुसरी, हिलाही तेच. अण्णा, म्हणजे तुम्हाला माहीत होतं! जोड सुटले ते तुम्ही बघितलंत आणि वरनं बांधून नव्यासारखे करून ठेवलेत! आणि मघापासनं मला रेशमाची आई सांगताय!

सुबराव : काय बोलतोस त्येचा तुला पत्ता हाय? दे ती.

रवळू : घ्या! तुमचंच काम तुम्हीच बघा!

सुबराव : ... ही गाठ माझी न्हाय.

रवळू : मग काय गावातल्या ब्राह्मणानं येऊन मारली? या घरात रेशमाला गाठ मारणारं दुसरं कोण आहे?

सुबराव : गप जरा. उजेडात बघू दे. ... माझी गाठ दोन वेढ्यांची. ही एकाच वेढ्याची, वडून घेतल्याली, घाईची. साळंची घंटा व्हायच्या आदी दप्तर काखंत मारून अशीच गाठ मारून पळायचं एक पोरगं. लई वरडलोय म्या त्येच्यावर. परसू.

परशराम : आप्पा, ती काठी द्या हिकडं.

सुबराव : परसू, मी काय म्हनतोय?

परशराम : व्हय आप्पा. माझी हाय.

रवळू : तू?

परशराम : मी बांधल्या. अधिक श्रावणात. एक दिवस सहज एक काठी बाहेर काढली, हातात घुमवायला. तर हलाय लागली. मग सगळ्या बघितल्या.

रवळू : तेव्हा किती सुटल्या होत्या?

परशराम : चार.

रवळू : चार! म्हणजे सात चांगल्या होत्या! तेव्हाच्या तेव्हा वर काढून वाळवल्या असत्या तर सात राहिल्या असत्या. चाराची सोय मी कुठनंही केली असती, पाय धरले असते कुणाचे! दोन महिने रोज ग्राउंडवर माझ्याशेजारी पळतोस तू. रोज मी विचारतो, 'स्टिका बऱ्या आहेत ना रे?' आणि तू रोज म्हणतोस, 'बऱ्या आहेत'!

परशराम : मला वाटलं, ऊन पडलं की सुकतील. मग बाकीच्याबी एकेक हलाय लागल्या. यंदा दोन श्रावण, ऊन कुठं पडलंच न्हाई. एकेक बांधत गेलो. आप्पा बाजारात गेले की.

रवळू : थू तुझ्या जिंदगानीवर!

सुबराव : तू थांब, रवळू.

रवळू : का थांबू?

सुबराव : थांब म्हनतो! ... परसू, हिकडं बघ. खाली नगं, माझ्याकडं. तू बघितलंस तवा म्या पानी घालत हुतो?

परशराम : व्हय.

सुबराव : त्येच्यानंतरबी रोज घालत हुतो?

परशराम : व्हय.

सुबराव : सांजच्याला तू हितं ताटावर बसायचास, आनि म्या तुझ्याम्होरनं तांब्या घिऊन खड्ड्यात उतरायचो. तुझ्या कॉलेजाची ठेव हाय, नीट जपली पायजे, आसं तोंडानं म्हनत उतरायचो. आनि तू जेवायचास.

परशराम : आप्पा...

सुबराव : जेवायचास का न्हाय?

परशराम : जेवायचो.

सुबराव : एकदाबी तोंडातनं निघालं न्हाय, 'आप्पा, ह्ये चुकतंय'?

परशराम : तुमाला वाईट वाटलं असतं.

सुबराव : वाईट! मला वाईट वाटू नये म्हनून तू मला साठ दीस येड्यावानी पानी घालू दिलंस? मी काय तुझं लेकरू हाय, खेळतंय तर खेळू दे म्हनाया?

परशराम : मग काय करायचं हुतं मी? तुमाला सांगायचं कुनी? आईची टाप हाय? आज्जीची हुती? दोन सालामागं मी एकदा सांगितलं, तांबड्यात मीठ कमी पडलंय, धुतल्यावर रंग फुटंल. काय केलासा? ताटावरनं उठलासा. वीस दीस माझ्यासंगं बोलला न्हाईसा! आईला म्हनायचा, 'तुझ्या पंडिताला इचार, मागाला तेल कुठलं घालायचं.' आनि रंग फुटला. पाच लुगडी माघारी आली. तरीबी बोलला न्हाईसा! माझं खरं ठरलं म्हनून आनि आठ दीस जादा बोलला न्हाईसा!

सुबराव : बास.

परशराम : का बास? मोजून सांगू, आठ दीस कुठनं कुठवर?

सुबराव : मोजू नगं. खरं हाय ते.

परशराम : मग?

सुबराव : मग काय? तवा राग आला. लई आला. बापाला लेकानं शिकवलं की येतोय राग. पन त्या येळंला तू मला म्हनलास ते तोंडावर. माझ्या बरुबरीनं हुबा ऱ्हाऊन. ह्या खेपंला काय केलंस? मागनं येऊन माझी चूक बांधून ठेवलीस. आता मला राग न्हाय आला, परसू. लाज वाटतीया. मी माझ्या लेकाला शिकाय घातला, आनि त्यो मला बिनशिकलेला म्हनून माफ करतोय.

रवळू : झालं तुमचं? नाही, बापलेकांचं होऊ दे की सावकाश. उद्या दहाला मी साहेबांना सांगतो, शहापुरात एका घरात भांडण चालू आहे, ते संपेपर्यंत सही थांबवा!

परशराम : रवळू, चेष्टा नगं.

रवळू : चेष्टा? मला रडू येतंय म्हणून बोलतोय मी! अण्णा, यंदाची टीम तुम्हाला ठाऊक नाही. मी पहिल्या वर्षापासनं खेळतोय, असली टीम एकदाही जमली नव्हती. भरमू गोलात उभा राहिला की मागं भिंत आहे असं वाटतं. डावीकडं चिकोडीचा मष्णू. अनवाणी पळतो, पण चेंडू घेऊन निघाला की बूटवाले मागं राहतात. पुढं मी आहे. आणि मधे तुमचा लेक. याला खेळताना कधी बघितलंय तुम्ही?

सुबराव : न्हाय. सांजच्याला माग असतोय.

रवळू : मग कुणाला आणि काय सांगू! पाच गोल खाल्ले त्या दिवशी, पण धारवाडचा कॅप्टन मॅच संपल्यावर आमच्याकडं आला आणि म्हणाला, 'तुमचा सेंटर हाफ आम्हाला द्या, पाचही गोल परत घ्या.' मागावर धोटा टाकून टाकून याचं मनगट असं तयार झालंय की चेंडू कुठं वळणार ते समोरच्याला कळतच नाही. यंदा धारवाडला हरवून येणार होतो, अण्णा! त्यांच्याच ग्राउंडवर! मार्चात माझी बी.ए.ची परीक्षा. मग गुंजी. आमच्या म्हाताऱ्यानं सांगून ठेवलंय, आता पुरे झाली शाळा, भाताला माणूस नाही. पुढच्या साली मी गुंजीच्या शेतात चिखलात उभा असणार, आणि आगगाडी शिट्टी मारत धारवाडला जाणार. मला एवढाच एक सीझन आहे.

परशराम : एक करता येईल.

रवळू : काय?

परशराम : मघाशी तू पैल्यांदा बघितल्यास तवा तुला कळलं न्हाई. मोडली तवाच कळलं.

रवळू : नाही कळलं. नव्यासारख्या दिसत होत्या.

परशराम : सायबबी नुसत्या बघनार. टेबलावर मांडलेल्या. ही सोडलेली परत बांधायची, मोडकीबी जोडायची...

रवळू : साहेब काही पिळून बघणार नाहीत. बरोबर! अण्णा, याच्या हातानं एवढं झालं तर तुमच्या हातानं ब्रह्मदेवालाही कळणार नाही. सांजपर्यंत दोघांनी बसून द्या बांधून. उद्या सही तर होऊ दे! झाकली मूठ सव्वा लाखाची. मग दसऱ्यापर्यंत सुतार गाठतो, सरस लावतो, काय वाट्टेल ते करतो.

सुबराव : घटकेमागं तू फसलास तवा गल्ली डोक्यावर घेतलीस.

रवळू : तेव्हाची गोष्ट...

सुबराव : येगळी हाय. तुझी सगळीच येगळी असत्यात. तू फसलास तर थू म्हनतोस, आनि सायबाला फसवाय मला रेशीम काढाय सांगतोस? तुटलेल्या ताण्यावर खळ फासून कापड नीट हाय म्हनून इकनारी मानसं हायत बाजारात. त्येंच्याकडं जा. माझ्या दारात परत ह्ये बोलू नगं. आनि तू रं परसू! आता पायाखालची जमीन सरकली तरी तुला बांधायचंच सुचतंय?

परशराम : मग खेळायचंच न्हाई का?

सुबराव : अकरा काठ्या मांडाय सांगितल्यात न्हवं? मांडायच्या. सगळी दोरी सोडून, जोड उघडं करून.

रवळू : आणि साहेब बघून काय म्हणतील? वा, काय सुंदर?

सुबराव : न्हाय म्हनतील. म्हनू द्यात. पन त्येंच्याम्होरं म्या हुबा ऱ्हानार. 'ह्या काठ्या म्या नासवल्या. रेशमावानी जपल्या आनि नासवल्या. पोरांनी न्हाय. दसऱ्याला एकोनीस दीस हायत. सरस सुताराकडनं बसवून, वाळवून, वरची दोरी मी सोता बांधून देतो. त्येच्यानंतर एक जरी हलली तर ह्येंचं नाव काढून टाका.' ह्ये बोलनार मी. मग काय म्हनायचं ते मला म्हनू द्यात, माझ्या तोंडावर.

रवळू : सरस लावून किती वाचतील? पाच? सहा? अकरा तर होणार नाहीत!

सुबराव : म्हनून तू आत्ता कँपात जायाचं. सुभेदाराकडं पल्टनीच्या जुन्या काठ्या असत्यात. मागून बघ.

रवळू : मी? त्याच्या दारात मी कुठल्या तोंडानं जाऊ?

सुबराव : ज्या तोंडानं कोट इचारलास, त्याच तोंडानं.

रवळू : अण्णा, तो मला उंबऱ्यावरनं हाकलून देईल.

सुबराव : दिऊ दे.

रवळू : नाही म्हणाला तर?

सुबराव : तर न्हाय म्हनाला म्हनून उद्या सायबाला सांग. झाकू नगं.

रवळू : सोपं आहे तुम्हाला बोलायला! माफी मी मागायची, शिव्या मी खायच्या...

सुबराव : सोपं? तीस वर्सांत ह्या गल्लीत कुनी मला 'सुबराव, तुझं चुकलं' म्हनलेलं न्हाय. उद्या मी कॉलेजात जाऊन शिकलेल्या मानसांत सोता म्हननार हाय. सोपं म्हनं!

रवळू : ... जातो. जातो कँपात. पण परश्या, एक ध्यानात ठेव. उद्या सही झाली नाही तर जन्मात तुझं तोंड बघणार नाही मी.

परशराम : बघू नगंस.

सुबराव : आनि सही झाली तर? टीममधनं काढनार ह्येला?

रवळू : काढायलाच पाहिजे! पायताणानं मारून काढायला पाहिजे!

सुबराव : काढ मग. मी मधी पडनार न्हाय.

रवळू : काढून घालू कुणाला? आहे तुमच्या गल्लीत असला दुसरा सेंटर हाफ? राग आला म्हणून सेंटर हाफ काढत नाहीत, अण्णा! ... उद्या साडेनवाला फाटकाशी. उशीर करू नकोस, परश्या. तेवढं तरी कर.

परशराम : ... गेला.

सुबराव : दोरी सोडाय घे. कात्री लावू नगं, लाकडाला लागंल. नखानं सोड.

परशराम : आप्पा, उद्या तुमी नगा येऊ. मी सांगतो सायबांना.

सुबराव : का? माझ्या धोतराची लाज वाटती?

परशराम : न्हाई! कसं बोलतासा? चूक माझी हाय म्हनून म्हनतो. तुमी जानूनबुजून केलं न्हाईसा. मी केलं.

सुबराव : तुझी तू सांग. माझी म्या सांगीन. दोन्ही एकात घालू नगं.

परशराम : त्ये लई बोलत्यात, आप्पा. इंग्रजीत बोलत्यात राग आला की.

सुबराव : बोलू द्यात. कळलं न्हाय तर कमीच लागंल.

परशराम : ... ही सुटली. ही पाचवी.

सुबराव : तितं ठेव, भितीला. एकमेकीला लागू देऊ नगं.

परशराम : आप्पा.

सुबराव : काय?

परशराम : परत वीस दीस बोलनार न्हाई का माझ्यासंगं?

सुबराव : बगू. राग हाय अजून. खोटं कशाला बोलू.

परशराम : मग सकाळी मी आदी जाऊ? का तुमी गेल्यावर मागनं येऊ?

सुबराव : कॉलेजात आत कुठनं जायाचं मला ठावं न्हाय. तू म्होरं चाल. पन वाटंत माझ्यासंगं बोलू नगं.